सरांचा अर्धा हात

जून उजाडला की मला घरात बसवत नाही. निवृत्त होऊन दुसरा पावसाळा सरला, तरी सवय जात नाही. सकाळचा चहा झाला की मी उगाच मोटारसायकल पुसतो, टाकी हलवून पेट्रोल किती आहे त्याचा अंदाज घेतो, फाटकापर्यंत जातो आणि परत येतो. पेपर उघडतो, मिटतो. शेवटी आमची सौ. वैतागून म्हणते, "पायाला भिंगरी बांधलीय नुसती. जाऊन या बाई एकदा कुठंतरी. फक्त येताना कुणाची पोरं पकडून आणू नका."

तिचं म्हणणं खोटं नाही. कागदोपत्री मी मुरबाडकडच्या एका लहान कॉलेजात भूगोलाचा प्राध्यापक होतो. पण दर जूनमध्ये माझा खरा धंदा पोरं पकडण्याचा असे. शहरातल्या वाचकांना हे पटायचं नाही. त्यांच्याकडे मुलं प्रवेशासाठी कॉलेजच्या दारात रांगा लावतात. आमच्याकडे कॉलेजच मुलांच्या दारात जाऊन उभं राहतं. कारण सरळ आहे. विषयाला ठरावीक मुलं मिळाली नाहीत तर तो विषय बंद होतो, आणि विषय बंद झाला की शिकवणारा 'अतिरिक्त' ठरतो. अतिरिक्त म्हणजे पगारावर असलेला पण कुणालाच नको असलेला माणूस. तसं होऊ नये म्हणून बारावीचा निकाल लागला रे लागला की आम्ही गाड्यांना किक मारायचो.

धसईचा बाजार हे आमचं मोठं ठिकाण. तिथं भाजी आणि तांदूळ घेऊन आलेले बाप एकाच जागी सापडतात. मी भेंडीचा भाव विचारता विचारता "धाकटा यंदा बारावीला होता ना?" असं विचारायचो. पुढे पुढे लोक इतके सावध झाले, की मी पाटीशी वाकलो की बाईच म्हणायची, "सर, भेंडी घ्यायची तं घ्या. माजा पोर्‍या आयटीआयला गेला."

दुसर्‍या कॉलेजांचे मास्तरही त्याच बाजारात फिरत असत. एकदा एका मुलानं आमच्याकडे प्रवेश घेतला आणि त्याच आठवड्यात दुसरीकडेही घेतला. मी चिडून त्याला जाब विचारला. तो मान खाली घालून म्हणाला, "तुमी बी लांबून घरी आलाव, ते सर बी लांबून आले. घरी आलेल्या मान्साला नाय कसं म्हनू?" पाहुण्याला विन्मुख पाठवायचं नाही ही शिकवण त्यानं आमच्या पुस्तकांपेक्षा जास्त मनावर घेतली होती.

धसईच्याच बाजूला एका घरी मी, आमच्या मराठीच्या भोईर मॅडम आणि प्राचार्य असे तिघं गेलो. ओटीवर घोंगडी अंथरली, पोहे आले, मुलगी डोक्यावर पदर घेऊन चहा घेऊन आली. बारावी झालेली मुलगी साडीत का, असा प्रश्न मला पडला, पण मी आपला सवयीनं सुरू झालो, "काय गं, पुढं काय करायचं ठरवलंयस?" बाप घाईघाईनं म्हणाला, "रांधते, लावणी करते, समदं करते." भोईर मॅडम याच भागातल्या. त्यांनी मला कोपरानं ढोसलं तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी त्या घरी मुलगी पाहायला पाहुणे यायचे होते आणि आम्ही आधी पोचलो होतो. खरे पाहुणे आल्यावर प्राचार्यांना पोह्यांचा घास गिळवेना. ती मुलगी मात्र आतल्या खोलीत पोट धरून हसत होती, ते मला आठवतं.

हे सगळं सांगतोय ते एका दुसर्‍या मुलीपर्यंत यायचं म्हणून. तिचं नाव दर्शना.

माझ्या निवृत्तीला दोनतीन वर्षं उरली होती. त्या जूनमध्ये मी आणि भोईर मॅडम वैशाखर्‍याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर गेलो. दर्शना बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आहे असं तिच्या शाळेतून कळलं होतं. तिचा बाप काळूराम भातखाचराचा बांध घालत होता. थोडं भात, थोडी नाचणी, आणि उन्हाळ्यात मिळेल ते काम, असं त्याचं घर. बायकोचा हात पावसाच्या तोंडावर घसरून मोडला होता. ती ओटीवर प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती.

काळूरामनं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोर हुशार हाय, सर. आमी नाय कुठं म्हंतोय? लावणी होऊंदे. मंग बघू."

'लावणी झाल्यावर बघू' या वाक्याचा अर्थ मला पाठ होता. लावणी संपेपर्यंत प्रवेशाची तारीख टळते, आणि मग बघायला काही उरत नाही. मी तसं त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं बांधावरचं फावडं बाजूला ठेवलं.

"तुमाला खरं सांगू? तिला लग्नाचं मागनं यायला लागलंय. पोर कॉलेजात असली तं पावन्यांना सांगता येतंय, शिकते म्हनून. घरात बसली तं काय सांगू? पन घरात हात नायत, सर. बघताय ना?" तो बायकोच्या प्लास्टरकडे बघत म्हणाला.

दर्शना दारात उभी होती. आम्ही निघालो तेव्हा गाडीपर्यंत आली आणि एवढंच विचारलं, "सर, शेवटची तारीख कधी?"

मी तारीख सांगितली. तिनं ती पुटपुटली आणि आत गेली.

आमच्याकडे कॉलेजचा पहिला दिवस म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. घंटा होते, पंखे फिरतात, फळ्यावर 'सुस्वागतम्' लिहिलेलं असतं आणि समोर मुरबाड गावातली पाचसहा मुलं बसलेली असतात. बाकीचा वर्ग खाचरात गुडघाभर चिखलात वाकलेला असतो. मी घाटावरचा, जुन्नरकडचा. आमच्याकडे बाजरी आणि कांदा. भाताचं रोप आधी एका जागी वाढवतात आणि मग उपटून, मुठी बांधून, दुसर्‍या जागी पुन्हा लावतात, हे मी नोकरीला लागेपर्यंत पाहिलंही नव्हतं. भूगोलाच्या तासाला मात्र 'सघन उदरनिर्वाह शेती' हा धडा मी जोरात शिकवत असे. रिकाम्या बाकांसमोर शिकवताना माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. व्हरांड्यात चपलांचा आवाज आला की मी खडू घेऊन दाराशी जायचो.

त्या वर्षी तारीख जवळ आली तरी दर्शना आली नाही. नव्या पद्धतीत मुलीनं स्वतः यावं लागत होतं. फोटो, अंगठा, मोबाइलवर येणारा आकडा, सगळं जागेवर. फोन लावला तर पाड्यावर रेंज नाही. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी मी पुन्हा वैशाखरे गाठलं. डोकं तापलेलं होतं. इतकी हुशार मुलगी, एका दिवसाचं काम, आणि हा बाप एक दिवस द्यायला तयार नाही!

सगळे खाचरात होते. मी बांधावरून ओरडलो, "काळूराम, उद्या शेवटची तारीख आहे! एक दिवस सोडा तिला!"

काळूराम कंबर सरळ करत उभा राहिला. "नाय जमायचं, सर. उद्या भागीबायची लावणी हाय."

"भागीबायची आहे ना? तुमची नाही ना?"

यावर बायका हसल्या. मग काळूरामनं मला सावड समजावून सांगितली. लावणीला एका घराचे हात पुरत नाहीत. म्हणून आज चार घरं मिळून माझ्या खाचरात, उद्या तीच चार घरं तुझ्या खाचरात. ज्या घरानं जितके हात दिले, तितके त्याला परत मिळाले पाहिजेत. भागीबाय म्हणजे त्यांची शेजारीण, विधवा, वयानं बरीच मोठी. तिच्या घरून हात आले म्हणून काळूरामची लावणी झाली होती. आता उद्या तिच्याकडे काळूरामच्या घरचे दोन हात गेले पाहिजेत. बायकोचा हात प्लास्टरमध्ये, म्हणजे राहिले काळूराम आणि दर्शना.

"मी मजुरी देतो. तिच्या जागी कुणी बाई लावा," मी म्हणालो. मला वाटलं, मिटलं.

भागीबाय तोवर खाली वाकूनच लावत होती. ती आता उभी राहिली. "मजुरी मजुरीची, मास्तर. सावड सावडीची. हाताला हात. पैसं देऊन मान्सा आनली तं मंग याचा माजा संबंद काय राहिला?"

मी दर्शनाकडे पाहिलं. ती एका हातात रोपांची मूठ घेऊन माझ्याकडेच बघत होती. तिचा चेहरा रडवेला नव्हता. जे होणार ते तिला ठाऊक होतं, आणि मला ते अजून ठाऊक नाही, असं काहीसं तिच्या डोळ्यांत होतं. त्या नजरेनं माझं डोकं आणखी फिरलं.

"मग मी येतो तिच्या जागी!" मी बोलून गेलो.

अख्खं खाचर हसलं. काळूराम "काय तरीच, सर" म्हणाला. भागीबाय तेवढी हसली नाही. माझ्या बुटांकडे बघून म्हणाली, "येतो म्हनताय तं या. सकाळी सातला. न्याहारी करून या."

दुसर्‍या दिवशी भोईर मॅडम दर्शनाला स्कूटरवर बसवून घेऊन गेल्या आणि मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पावसासाठी डोक्यावर प्लास्टिकचं घोंगतं घेऊन भागीबायच्या खाचरात उतरलो. पहिलं पाऊल टाकलं ते उपसायलाच वेळ लागला. डाव्या हातात मूठ धरायची, उजव्यानं दोनतीन रोपं सोडवायची, अंगठ्यानं चिखलात दाबायची, की पुढची. दिसायला अगदी सोपं. बायका झपाझप चालल्या होत्या. मीही इरेला पेटलो आणि भरभर रोपं टोचत सुटलो. थोड्या वेळानं वाटलं, आपण तर कुणापेक्षा मागं नाही!

तेवढ्यात भागीबायची हाक आली. "मास्तर, वो मास्तर! लावलेल्यावर पाय देत्यात का कोन?"

मी मागं वळून पाहिलं. बाकी सगळ्या बायका लावत लावत उलट्या सरकत होत्या, पाठीकडे. लावलेलं त्यांच्या डोळ्यांसमोर राहत होतं. मी एकटा तोंड वर करून पुढे पुढे निघालो होतो, आणि माझी सगळी रांग माझ्याच पायांखाली चिखलात गेली होती. कोंबडी अंगणात फिरून जावी तसं ते दिसत होतं.

त्यानंतर दिवसभर माझी काय शोभा झाली ते विचारू नका. उलटं सरकायला गेलो तर बसकण मारली. एका ठिकाणी मूठच्या मूठ एकाच जागी खोचली, तेव्हा एक पोरसवदा सून म्हणाली, "सर, ह्यो काय गजरा हाय?" दुपारी कंबर अशी धरली की भाकरी खायला बसताना "आई गं" निघालं. भागीबायनं सुकटीची चटणी वाढली आणि म्हणाली, "खावा. बसून शिकवलेलं हाड हाय, दुखायचंच." मास्तर म्हणून इतकी वर्षं मिरवलो, पण त्या दिवशीइतका आडवा हात मारून कधी जेवलो नाही.

मावळतीला खाचर संपलं. सगळे ओढ्यावर पाय धुवायला गेले आणि तिथं माझा निकाल लागला. माझा दिवस पुरा हात धरायचा की नाही, यावर रीतसर चर्चा झाली. काळूराम म्हणाला, "धरा गो, सर हायत." ती सून म्हणाली, "त्यांचं आमीच परत लावलंय." भागीबायनं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"अर्धा," ती म्हणाली. "अर्धा हात झाला. अर्धा राहिला."

काळूराम म्हणाला, "उद्या दर्शी येईल अर्धा दिस."

"तिचा कशाला? ती आली नाय, तिच्या जागी ह्ये आलं. ज्याचा राहिलाय त्यानं द्यावा. पुढच्या वर्साला दिला तरी चालंल."

तेवढ्यात स्कूटर आली. दर्शना उतरली. भोईर मॅडमनी लांबूनच अंगठा वर केला. प्रवेश झाला होता. दर्शना माझ्यासमोर येऊन उभी राहिली, माझ्या चिखलानं बरबटलेल्या शर्टाकडे तिनं पाहिलं आणि तिचा बांध फुटला. मला मुलींच्या रडण्यासमोर काय करावं कधीच सुचलं नाही. मी म्हणालो, "अगं, अर्धा हात पास झालो. तुझे मार्क माझ्यापेक्षा चांगले आहेत."

लावणी संपल्यावर वर्ग भरला, भूगोल वाचला, कुणी अतिरिक्त झालं नाही. दर्शना पहिल्या बाकावर बसायची. नकाशा भरताना तिची जीभ दातात असायची. पहिलं वर्ष झालं, दुसरं झालं. मधल्या जुलैत भागीबायचा निरोप आला, "मास्तराला म्हनावं, अर्धा हात हाय." मी हसलो आणि शेणव्याकडे मुलं शोधायला गेलो. लावणी संपायच्या आत पुन्हा निरोप आला. तेव्हा माझ्या नोकरीचा शेवटचा हंगाम होता, वर्ग भरूनच जायचं असा मी हट्ट धरला होता. म्हटलं, निवृत्त झालो की सावकाश जाऊ.

मी निवृत्त झालो त्याच उन्हाळ्यात दर्शनाचं लग्न ठरलं. तिसरं वर्ष राहिलं होतं. शहापूर तालुक्यातलं शेणवा हे तिचं सासर, नवरा कंपनीत शिफ्टला जाणारा, चांगला मुलगा. मांडवात काळूराम माझा हात धरून म्हणाला, "पुढं शिकवनार म्हंतात पावनं." मी मान डोलावली. असं म्हणणारे किती पावणे मी पाहिले होते! अक्षता टाकल्या, जेवलो आणि घरी आलो. पहिल्या वर्षाला पोरं आणायला मी जिवाचं रान केलं होतं. त्यातली तिसर्‍या वर्षापर्यंत किती पोचली, हे बघायला मागं वळलोच नव्हतो. पुढचं डोकं, पुढचं घर, पुढचा जून. भागीबायनं एका हाकेत सांगितलं ते मला इतक्या उशिरा कळलं, याचं वाईट वाटतं आणि वाटत राहील.

भागीबाय गेल्या थंडीत गेली. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. अर्धा हात तसाच राहिला.

यंदा कॉलेज सुरू झालं त्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून तिकडे गेलो. फाटकावर मोठा फलक होता, त्यावर चौकोनी ठिपक्यांचं ते चित्र. मोबाइल धरला की प्रवेशाची माहिती येते म्हणे. नवीन प्राध्यापक रील बनवतात, गावागावात फिरत नाहीत. भोईर मॅडमनी चहा पाजला. "सर, बरं वाटलं आलात," असं त्या दोनदा म्हणाल्या, म्हणजे मी आता उठावं हे मला कळलं. घरी येऊन पुन्हा मोटारसायकल पुसली.

जुलैत एका संध्याकाळी फोन आला. "सर, मी दर्शना. सर, तुमी आता मोकळेच असता ना?"

"मोकळाच आहे. म्हणजे, अगदीच मोकळा आहे असं नाही," मी म्हणालो. माणसानं आब राखावा.

तिनं एका दमात सांगितलं. तिसर्‍या वर्षाला पुन्हा प्रवेश घ्यायचा तिनं ठरवलं होतं. नवर्‍यानं मोबाइलवरून अर्ज भरून दिला होता. उद्या शेवटची तारीख, स्वतः जायचं होतं. पण शेणव्यात सावड लागलेली आणि उद्या दुसर्‍या घरची लावणी. नवर्‍याची शिफ्ट सुटत नव्हती. "सासूबाई म्हणतात, कॉलेजला जा, माजी ना नाय, पण सावड मोडायची नाय. हाताला हात दे आन् जा." मग म्हणाली, "सर, मला दुसरं कोणी आठवलं नाही."

"किती वाजता?" मी विचारलं.

सौ.नं डबा भरताना एवढंच विचारलं, "कंबरेचा पट्टा घेतलात का?"

सकाळी मी शेणव्याला पोचलो तेव्हा दर्शना दप्तर छातीशी धरून एसटीच्या वाटेवर उभी होती. एसटी दिसली तशी ती पळाली. आमचं धड बोलणंही झालं नाही. मी तिच्या सासूबाईंच्या मागं खाचरात उतरलो. उंच, कमी बोलणार्‍या बाई. लोकांनी कुजबुज केली, कुणीतरी विचारलं, "ह्ये कोन?" त्या म्हणाल्या, "सुनंचा हात हाय."

मी खाली वाकलो आणि पहिल्यांदा पाठीकडे पाऊल टाकलं. मग दुसरं. मी काही भराभर लावत नव्हतो. बायका केव्हाच लांब गेल्या होत्या. पण लावलेलं रोप न् रोप माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं. एखादं तरंगलं की दिसायचं, मी हात लांब करून पुन्हा दाबायचो. कंबर मोडत होती, पावसाचं पाणी मानेवरून आत उतरत होतं, आणि जूनपासून माझ्या पायांना लागलेली ती चुळबुळ कुठंतरी चिखलात मुरली होती. भागीबायची फार आठवण आली. डोळे पुसायला गेलो तर तोंडाला चिखल लागला.

संध्याकाळी दर्शना आली. हसत होती. "झालं, सर. तिसरं वर्ष." मग सासूबाईंकडे पाहून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

मी ओट्यावर पाय धुऊन बसलो होतो. सासूबाई माझ्या रांगा बघून आल्या होत्या. मी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"हात भरला," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं मोठं प्रशस्तिपत्रक मला कुणी दिलं नव्हतं. मी चपला पायात सरकवल्या, डबा उचलला. "येतो," म्हणालो.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाजात राग नव्हता. साधा हिशोबाचा प्रश्न होता. "आजचं झालं. पन कॉलेज तं रोज असतंय ना? उद्या काय?"

दर्शनानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती अंगणातल्या चिखलाकडे बघत उभी होती, दप्तर तसंच छातीशी धरून.

मी डबा खाली ठेवला. चपला पुन्हा काढल्या आणि ओट्याला लावून ठेवल्या.

"उद्या कुणाची लावणी आहे?" मी विचारलं.